युरोपीय व्यापारी नव्या सागरी वाटा का शोधत होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवदंड्याच्या कोटात हौशी मंडळींना फिरवताना मला वर्षानुवर्षे तेच प्रश्न विचारले जातात. पोर्तुगीज इथे कधी आले, किल्ला कधी बांधला, हे कुठेही वाचायला मिळते. पण ते आलेच कशाला? घरदार सोडून, निम्मी माणसे वाटेत मरत असताना, एवढ्या लांब? याचे उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिले आहे. शाळेत पाठ केलेले एक उत्तर मला स्वतःला पुसून पुन्हा लिहावे लागले. सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीयांनी सागरी मार्ग शोधला. हे खरे आहे ना?

हे लिहून आपण सगळ्यांनी पूर्ण गुण मिळवले आहेत. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की हे उत्तर डळमळते.

पोर्तुगिजांनी आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचे सेउटा बंदर घेतले १४१५ मध्ये. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिरापलीकडे जायला खलाशी घाबरत असत. जिल ईआनिश हा पोर्तुगीज खलाशी ते ओलांडून गेला १४३४ मध्ये. म्हणजे २९ मे १४५३ रोजी कॉन्स्टॅन्टिनोपल पडले, तेव्हा पोर्तुगीज जहाजांना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरायला लागून जवळजवळ वीस वर्षे झाली होती. कारण आधी आणि परिणाम नंतर, हा साधा क्रमच इथे जुळत नाही.

दुसरी गोष्ट भूगोलाची. मलबारची मिरी प्रामुख्याने कॉन्स्टॅन्टिनोपलवरून जातच नव्हती. ती तांबड्या समुद्रातून कैरो आणि अलेक्झांड्रियाला, किंवा होर्मुझवरून बसरा, अलेप्पो आणि बैरूतला जात असे. हा सगळा शेवटचा टप्पा, म्हणजे इजिप्त आणि सीरिया, ममलूक सुलतानांच्या ताब्यात होता. उस्मानी तुर्कांनी सीरिया घेतला १५१६ मध्ये आणि इजिप्त १५१७ मध्ये. तोवर वास्को द गामा कालिकतला येऊन १९ वर्षे उलटली होती आणि गोवाही पोर्तुगिजांच्या हाती गेला होता.

शिवाय तुर्कांनी व्यापार कशाला बंद करावा? जकात हे कुठल्याही सुलतानाचे हक्काचे उत्पन्न. चालता बाजार कोणी आपल्या हाताने मोडत नाही.

१४५३ चा काहीच परिणाम झाला नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. काळ्या समुद्रात इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या व्यापाऱ्यांची ठाणी होती. तिथला त्यांचा व्यापार आक्रसला, आणि १४७५ मध्ये क्रिमियातले काफा बंदरही तुर्कांनी घेतले. मग जिनोव्हाच्या सावकारांचा पैसा आणि दर्यावर्दी अधिकच पश्चिमेकडे, लिस्बन आणि सेव्हिलकडे वळले. पण चूल आधीच पेटली होती. १४५३ ने तिच्यात आणखी एक लाकूड सारले, एवढेच.

वाट बंद नव्हती, वाट चालू होती. दुखणे असे होते की तिच्या प्रत्येक नाक्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात होता.

प्रत्येक नाक्यावर म्हणजे? मिरी नेमकी कशी जायची?

एक पोते मिरी डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीच्या पावसाळी उतारावर वेलीवरून उतरवलेली, उन्हात वाळवलेली. डोंगरातून ती कालिकतच्या किंवा कण्णूरच्या पेठेत आली की तिथे मलबारी, गुजराती आणि अरब व्यापारी ती घेत. नैऋत्येचा पाऊस ओसरल्यावर वारा फिरे आणि गलबते एडनच्या दिशेने निघत. एडनला पहिली जकात. पुढे तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वारा सहसा समोरून येतो, म्हणून मोठी जहाजे जेद्दालाच थांबत आणि माल लहान होड्यांवर चढे. जेद्दाला पुन्हा जकात. मग तूर किंवा सुएझ, तिथून उंटाच्या पाठीवरून कैरो, कैरोहून नाईल नदीने अलेक्झांड्रिया. सुलतानाच्या कोठारात आणखी एकदा वजन, आणखी एकदा कर.

अलेक्झांड्रियात व्हेनिसचे व्यापारी आपल्या वखारीत वाट पाहत बसलेले असत. ही वखार रात्री बाहेरून कुलूपबंद केली जाई. शहराच्या आत मोकळेपणी फिरून मूळ व्यापाऱ्याशी सौदा करण्याची मुभा त्यांना नव्हती. सुलतान बार्सबे (१४२२ ते १४३८) याने तर मिरीची विक्री स्वतःच्या हातात घेतली आणि ठरवलेल्या भावाने ती व्हेनिसच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. कुरकुर करत का होईना, व्हेनिस घेत राहिले. तिथून गलबतांनी व्हेनिस. व्हेनिसच्या रियाल्टो बाजाराशेजारच्या जर्मन वखारीतून आल्प्सच्या खिंडी ओलांडून आउग्सबुर्ग, न्यूरेंबर्ग. आणि सगळ्यात शेवटी गावातला किराणावाला, जो ती तोळ्यामाशाने विकायचा.

गिरोलामो प्रिउली नावाचा व्हेनिसचा सावकार रोजनिशी लिहीत असे. कालिकतला एका दुकातीला (व्हेनिसचे सोन्याचे नाणे) मिळणारा माल व्हेनिसला पोहोचेपर्यंत ६० काय, १०० दुकातींचाही होतो, असा हिशेब त्याने १५०१ मध्ये मांडला आहे. आकडा फुगवलेला असेल, कारण त्या दिवशी तो घाबरलेला होता. पण फुगा काढून टाकला तरी उरणारी तफावत कोणाचीही झोप उडवील एवढी होती.

मिरीसाठी एवढा आटापिटा कशाला? सडके मांस खपवण्यासाठी मसाले लागत, असे ऐकले आहे.

ही समजूत कृपा करून सोडून द्या. मिरी परवडणाऱ्या माणसाला ताजे मांस सहज परवडत होते. मांस टिकवण्यासाठी युरोपात मीठ, धूर आणि थंडी होती, आणि ती मसाल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त होती.

मसाल्यांना मागणी होती ती तीन कारणांनी. एक, चव आणि सुगंध. त्या काळच्या श्रीमंत युरोपीय स्वयंपाकात सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ यांचा वापर आजच्या युरोपीय जेवणापेक्षा खूप जास्त होता. दोन, औषध. शरीरातल्या चार द्रवांचा समतोल आणि पदार्थांचे उष्ण-थंड गुण यांवर त्यांचे वैद्यक उभे होते. वात-पित्त-कफ ठाऊक असलेल्या आपल्याला हे समजायला जड नाही. मिरी 'उष्ण', म्हणून थंड प्रकृतीच्या मासळीबरोबर ती हवीच. तीन, प्रतिष्ठा. लग्नाच्या पंगतीत केशर किती घातले यावरून आपल्याकडे यजमानाची ऐपत जोखतात, तसेच ते.

आणखी एक गंमत व्यापाऱ्याच्या नजरेतून पाहा. मिरी वाळलेली असते, वर्षानुवर्षे टिकते, वजनाच्या मानाने किंमत मोठी आणि पोत्यात भरली की झाले. लांब पल्ल्याच्या समुद्रप्रवासाला याहून सोयीचा माल कुठला? लवंग तर त्या काळी जगात फक्त तेर्नाते, तिदोर आणि त्यांच्या शेजारच्या मोजक्या बेटांवर पिकत असे आणि जायफळ फक्त बांदा बेटांवर. जिथे पिकते ती जागा गाठली की सगळा व्यापार मुठीत, हा विचार पुढे तिथल्या लोकांच्या जिवावर उठला.

मग व्हेनिसनेच नवा मार्ग का शोधला नाही? त्यांच्याकडे पैसा आणि जहाजे दोन्ही होती.

कारण जुन्या मार्गावर त्यांचे उत्तम चालले होते. सुलतान छळत होता खरा, पण त्या छळाची किंमत शेवटी जर्मन आणि इंग्रज गिऱ्हाईक मोजत होते. युरोपातल्या इतर कोणाला मिरी हवी असेल तर व्हेनिसच्या दारात यावे लागे. ज्याची पेढी भर बाजारात आहे, तो डोंगरापलीकडे नवा बाजार वसवायला जात नाही.

मग पोर्तुगालच का? एवढासा देश!

माणसे जेमतेम दहा लाख. भूमध्य समुद्रात पाय ठेवायला जागा नाही, एका बाजूला कॅस्टिलसारखा बलाढ्य शेजारी आणि दुसऱ्या बाजूला अटलांटिक. जमिनीवर वाढायला वाव नव्हता, म्हणून समुद्राकडे बघणे भाग होते. पण फक्त भूगोलाने कोणी जहाज हाकारत नाही. आणखी काही गोष्टी जुळून आल्या.

मुसलमानी सत्तेशी चाललेली लढाई पोर्तुगालात १२४९ मध्येच संपली होती. लढण्यावरच ज्यांची उपजीविका आणि मानमरातब अवलंबून, अशा सरदारांच्या धाकट्या मुलांना काम हवे होते. सेउटावरची स्वारी ही त्यांची पहिली संधी. सहाराच्या वाळवंटातून उंटांच्या तांड्यांबरोबर सोने उत्तर आफ्रिकेत येते, हे सर्वांना ठाऊक होते. सेउटा घेतले की सोने आपल्या हाती, असा अंदाज होता. पण बंदर पडताच तांडे दुसरीकडे वळले. मग ज्या मुलखातून सोने येते तिथेच समुद्राने का जाऊ नये, हा प्रश्न उभा राहिला. माझ्या मते पुढच्या ऐंशी वर्षांच्या साऱ्या खटाटोपाचे बीज या प्रश्नात आहे.

राजपुत्र हेन्री (१३९४ ते १४६०) याने या मोहिमांना पैसा आणि आश्रय दिला. त्याला 'नाविक' म्हणतात, पण तो स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेला नाही. साग्रेशला त्याने नौकानयनाची मोठी शाळा काढली ही कथाही नंतरच्या काळात रचलेली आहे. त्याच्याकडे 'ख्रिस्ताचा पंथ' या लढवय्या धार्मिक संघाचे प्रमुखपद होते आणि त्या पंथाच्या जमिनींचे उत्पन्न होते. मोहिमांचा बराच खर्च त्यातून निघाला.

आणि जहाजे. काराव्हेल हे हलके, उथळ पाण्यातही चालणारे गलबत, त्रिकोणी शिडांमुळे वाऱ्याला तिरके धरून पुढे सरकणारे. आफ्रिकेहून परतताना वारा आणि प्रवाह दोन्ही विरुद्ध. खलाशांनी हळूहळू शोधून काढले की किनारा सोडून अटलांटिकमध्ये खोलवर जावे, तिथे पश्चिमेकडून वाहणारे वारे मिळतात आणि ते घराकडे आणून सोडतात. जमीन दिसेनाशी होऊ देण्याचे धैर्य आणि परत येण्याची खात्री, या दोन गोष्टी जमल्या नसत्या तर बाकीचे सगळे फुकट गेले असते.

त्यांना सुरुवातीपासून हिंदुस्थानच गाठायचा होता का?

नाही. हे पुष्कळांना नवल वाटते. पहिली कित्येक दशके त्यांचे लक्ष्य आफ्रिकाच होती: सोने, आणि दुर्दैवाने माणसे.

८ ऑगस्ट १४४४ रोजी लागोश या बंदरात २३५ आफ्रिकी बंदी उतरवून त्यांची वाटणी झाली. आईपासून मुले, भावापासून भाऊ वेगळे केले गेले, आणि तिथे हजर असलेल्या पोर्तुगीज बखरकारालाही त्यांचे रडणे पाहवले नाही. नव्या मार्गांचा इतिहास सांगताना हा दिवस गाळला जातो, तो गाळू नये. अटलांटिकमधल्या मादेइरा या पोर्तुगीज बेटावर ऊस पिकवायला मजूर लागत होते आणि साखरेला भाव होता. पुढे अटलांटिकपार घडलेल्या गुलामगिरीचे धागे इथूनच निघतात.

सोन्याचा लाभही झाला. १४५७ मध्ये पोर्तुगालने 'क्रुझादो' हे सोन्याचे नाणे पाडले. १४६९ मध्ये राजाने फर्नांव गोमिश या व्यापाऱ्याला गिनीच्या व्यापाराचा मक्ता दिला. अट अशी की वर्षाला दोन लाख रेइश (पोर्तुगीज चलन) भरायचे आणि दर वर्षी नवा १०० लीग (अंतराचे जुने माप) किनारा धुंडाळायचा. शोध आणि ठेकेदारी किती घट्ट विणलेली होती हे या एका करारातून कळते. १४८२ मध्ये आजच्या घानातल्या एल्मिना इथे किल्ला उभा राहिला, तोही पोर्तुगालहून घडीव दगड नेऊन.

सोने एवढे महत्त्वाचे का, याला आणखी एक बाजू आहे. पूर्वेला युरोपचा माल फारसा कोणाला नको होता. तांबे, पोवळी, थोडे लोकरी कापड. बाकी मिरीचे दाम सोन्या-चांदीतच मोजावे लागत. पंधराव्या शतकात युरोपात नाण्यांसाठी धातूची ओढाताण होती. आफ्रिकेचे सोने हाती आले तेव्हाच मिरी विकत घेण्याची ऐपत आली. हिंदुस्थानचा विचार राजा दुसरा जॉन (१४८१ ते १४९५) याच्या काळात ठळक झाला. १४८८ मध्ये बार्थोलोम्यू डायसने आफ्रिकेचे दक्षिण टोक वळसा घालून पार केले. पुढे जायला त्याच्या खलाशांनी नकार दिला, पण वाट आहे हे सिद्ध झाले होते.

धर्मप्रसार हे खरे कारण होते की नुसते निमित्त?

दोन्ही. आजच्या डोक्याने आपण नफा एका खणात आणि श्रद्धा दुसऱ्या खणात ठेवतो. त्यांच्या मनात ते खण नव्हते. १४५५ मध्ये पोपने फर्मान काढून आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावरचा हक्क पोर्तुगालला दिला, तेव्हा त्यात व्यापार, युद्ध आणि धर्म यांची सरमिसळच होती.

मुसलमानी मुलखांच्या पलीकडे कुठेतरी 'प्रेस्टर जॉन' नावाचा महापराक्रमी ख्रिस्ती राजा राज्य करतो, अशी आख्यायिका युरोपात तीनशे वर्षे चालत आलेली होती. त्याला गाठून दोन्हीकडून कोंडी करायची, हा बेत पोर्तुगीज राजे मनापासून बाळगून होते. इथिओपियात ख्रिस्ती राज्य होतेही, फक्त ते आख्यायिकेइतके बलाढ्य नव्हते.

पूर्वेला ख्रिस्ती लोक भेटणार याची त्यांना इतकी खात्री होती की कालिकतला वास्को द गामाच्या माणसांनी एका हिंदू देवळात चर्च समजून प्रार्थना केली. भिंतीवरच्या 'संतां'ना चार-पाच हात होते आणि दात बाहेर आले होते, असे त्यांच्यातल्याच एकाने रोजनिशीत नोंदवले आहे.

कोलंबस पश्चिमेला का गेला? त्याला पोर्तुगालने परत का पाठवले?

कोलंबसलाही पूर्वेचाच माल हवा होता. पृथ्वी गोल आहे तर पश्चिमेने गेलो तरी तिथेच पोहोचू, हा त्याचा युक्तिवाद. पृथ्वी गोल आहे हे सुशिक्षितांना आधीपासून मान्य होते, वाद तो नव्हता. वाद अंतराचा होता. कोलंबसने कॅनरी बेटांपासून जपानपर्यंतचे अंतर खऱ्याच्या जेमतेम पाव धरले होते. पोर्तुगीज राजाच्या जाणकारांनी त्याचा हिशेब चुकीचा ठरवला, आणि ते बरोबर होते. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून कोलंबस वाचला. त्यानंतर १४९४ मध्ये तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने केप व्हर्दे बेटांच्या ३७० लीग पश्चिमेला रेघ ओढून समुद्र वाटून घेतला. रेघेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना अर्थातच कोणी विचारले नाही.

वास्को द गामाच्या आधी आपल्याकडे कोणी युरोपीय आला होता का?

हो, आणि त्यातला एक थेट आमच्या चौलला. अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी १४७०च्या सुमारास इराणमार्गे, होर्मुझहून गलबताने चौल बंदरात उतरला. विकायला त्याच्याकडे एक घोडा होता. तो घोडा घेऊन तो जुन्नरला गेला. तिथल्या बहामनी अधिकाऱ्याने, असद खानाने, घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, तर घोडाही देतो आणि हजार मोहराही देतो, नाही तर दोन्ही घेतो, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने मध्ये पडून त्याची सुटका केली. निकितिनने पावसाळा जुन्नरला काढला, पुढे बिदर पाहिले आणि दाभोळहून परतीचे गलबत पकडले. घरी मात्र तो पोहोचला नाही, वाटेतच वारला.

त्याने लिहून ठेवलेली तक्रार मला फार बोलकी वाटते. इथे आमच्या देशात खपेल असा पुष्कळ माल आहे असे सांगून मला फसवले. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकाती भारी आणि समुद्रात चाचे उदंड, असे तो म्हणतो. जुन्या वाटेने एकट्या व्यापाऱ्याचे काय होत असे, याचा हा पुरावा आपल्या जुन्नर-चौलच्या वाटेवरचाच आहे.

दुसरा पेरो द कोव्हिल्यां. पोर्तुगीज राजाने १४८७ मध्ये त्याला व्यापाऱ्याच्या वेषात हेर म्हणून पाठवले. अरबी उत्तम येत असल्याने तो कण्णूर, कालिकत, गोवा, होर्मुझ आणि आफ्रिकेतले सोफाला पाहून कैरोला परतला आणि तिथून राजाला पत्र धाडून इथिओपियात गेला. तिथल्या राजाने त्याला मान दिला, जमीन दिली, पण देश सोडू दिला नाही. १५२० मध्ये पोर्तुगीज वकील इथिओपियात पोहोचले तेव्हा तो म्हातारा होऊन तिथेच राहत होता.

वास्को द गामाला वाट कोणी दाखवली?

आफ्रिकेच्या टोकापर्यंत त्याचे स्वतःचे ज्ञान होते. ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे घेऊन तो लिस्बनहून निघाला आणि केप व्हर्देनंतर तीन महिने जमीन न दिसता अटलांटिकमध्ये मोठा वळसा घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ पोहोचला. पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो आला, तेव्हा पुढचा समुद्र 'अज्ञात' मुळीच नव्हता. मालिंदीच्या बंदरात हिंदी व्यापाऱ्यांची गलबते उभीच होती. तिथल्या सुलतानाने त्याला वाटाड्या दिला. इब्न माजिद या थोर अरब नाविकाचे नाव त्याला जोडले जाते, पण ते पटण्याजोगे नाही. पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजराती मुसलमान म्हणतात. त्याने २४ एप्रिल १४९८ ला मालिंदी सोडून नैऋत्येच्या वाऱ्यावर जहाजे चारेक आठवड्यांत मलबारला आणली. २० मे रोजी नांगर पडला.

परतताना गामाने वाऱ्याची पर्वा केली नाही. आमचा कुठलाही तांडेल सांगेल की ईशान्येचा वारा नीट लागायच्या आत आफ्रिकेकडे निघू नये. तो ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच निघाला. येताना जे अंतर महिन्याच्या आत कापले, त्याला जाताना जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, दात हलून, तीस माणसे त्या एका टप्प्यात मेली. जहाज हाकायला माणसे पुरेनात, म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले.

निघण्यापूर्वी त्यांनी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजे दुरुस्त केली. तिथे अस्खलित व्हेनिसची बोली बोलणारा एक माणूस त्यांना भेटायला आला. गोव्याच्या आदिलशाही अधिकाऱ्याच्या चाकरीतला तो एक युरोपीय ज्यू होता. त्याला हेर ठरवून, छळून, ते पोर्तुगालला घेऊन गेले आणि पुढे तो गाश्पार द गामा या नावाने त्यांच्याच मोहिमांत दुभाषा झाला.

कालिकतला वास्को द गामाचे स्वागत कसे झाले?

किनाऱ्यावर पहिल्यांदा ज्या माणसाला उतरवले तो शिक्षा झालेला गुन्हेगार होता. काही बरेवाईट झाले तर त्याचे व्हावे म्हणून. त्याला ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी भेटले, तेही कॅस्टिलची आणि जिनोव्हाची भाषा बोलणारे. इथे कशाला कडमडलात, अशा अर्थाचे त्यांनी विचारले. उत्तर आले: ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला. साऱ्या शतकाचा खटाटोप त्या एका उत्तरात आहे.

झामोरिनसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, गामाने भेट काढली ती अशी: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे १२ तुकडे, ४ तांबड्या टोप्या, ६ हॅट, ४ पोवळ्याच्या माळा, ६ तस्तांची एक पेटी, साखरेची एक पेटी, तेलाची आणि मधाची दोन-दोन पिंपे. दरबारचे कारभारी ते पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त आणतो, राजाला सोने द्यायचे असते, असे त्यांनी सुनावले. पश्चिम आफ्रिकेत चालणारा माल कालिकतच्या पेठेत कवडीमोल होता.

मग सरळ व्यापार करण्याऐवजी ते तोफा घेऊन का आले?

वरच्या उत्तरातच याचे उत्तर आहे. देण्यासारखा माल नाही, तिथे जुने आणि मुरलेले व्यापारी आधीच बसलेले. बरोबरीने बोली लावून त्यांच्यापुढे टिकाव लागणे अवघड. पण जहाजावर बसवलेल्या तोफा पोर्तुगिजांकडे होत्या आणि हिंदी महासागरातली व्यापारी गलबते सहसा लढाईसाठी बांधलेली नसत. त्यांनी समुद्रालाच नाका बनवले. 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्या, आमच्या बंदरात जकात भरा, नाही तर गलबत जप्त. ज्या नाक्यांचा जाच चुकवायला एवढा लांबचा वळसा घेतला, तसेच नाके त्यांनी इथे उभे केले. १५०२ मध्ये गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसकट जाळले, ते याच दहशतीसाठी.

प्रतिकार झाला. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या ममलूक आरमाराने दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या साथीने पोर्तुगीज ताफ्याचा पराभव केला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. कैरोचा सुलतान चौलपर्यंत जहाजे पाठवतो, कारण नवा मार्ग त्याच्या तिजोरीवर घाव घालत होता. पुढच्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, दीवला पोर्तुगिजांनी सूड उगवला. मग गोवा १५१०, मलाक्का १५११, होर्मुझ १५१५, रेवदंड्याचा किल्ला १५२१ पासून, वसई १५३४.

नव्या मार्गामुळे व्हेनिस बुडाले का?

बातमी आली तेव्हा प्रिउलीने लिहिले की आपले स्वातंत्र्य जाण्याखालोखाल वाईट बातमी हीच. पहिली काही वर्षे फटका जबर बसला. मिरी लिस्बनहून अँटवर्पला जाऊ लागली. पण व्हेनिस बुडाले नाही. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला १५१३ मध्ये एडन घेता आले नाही आणि तांबड्या समुद्राचे तोंड उघडेच राहिले. शतकाच्या मध्यापर्यंत जुन्या वाटेने पुन्हा भरपूर मिरी जाऊ लागली. लाच घेऊन गलबते सोडणारे पोर्तुगीज अधिकारीही त्याला हातभार लावत होते. जुन्या वाटेवरचा मसाल्याचा व्यापार मोडला तो सतराव्या शतकात, डचांनी.

इंग्रज आणि डच शंभर वर्षे मागे का राहिले?

आधी त्यांनी दुसऱ्या वाटा धुंडाळल्या. दक्षिणेकडची वाट पोर्तुगिजांची, पश्चिमेची स्पेनची. उरला उत्तरेचा बर्फ. १५५३ मध्ये विलोबी आणि चॅन्सेलर हे इंग्रज दर्यावर्दी रशियाच्या उत्तरेकडून चीन गाठायला निघाले. विलोबीच्या दोन्ही जहाजांवरची सगळी माणसे हिवाळ्यात मेली. चॅन्सेलर मॉस्कोला पोहोचला आणि त्यातून १५५५ मध्ये रशियाशी व्यापार करणारी इंग्रजांची मस्कोव्ही कंपनी निघाली. डच नाविक बारेंट्सनेही १५९६-९७ चा हिवाळा त्याच बर्फात काढला आणि परतताना प्राण सोडला.

शेवटी माहिती फुटली ती गोव्यातून. १५८३ मध्ये राल्फ फिच आणि न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. त्यांना जामीन मिळवून द्यायला मदत केली फादर स्टीफन्स यांनी, म्हणजे पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचणाऱ्या त्याच इंग्रज जेझुइटाने. आर्चबिशपच्या पदरी असलेला डच कारकून लिन्सखोटेन तेव्हा गोव्यातच होता. पाच वर्षे त्याने मार्ग, वारे, बंदरे आणि पोर्तुगिजांची ढिलाई टिपून ठेवली आणि मायदेशी परतून १५९६ मध्ये ती छापली. इकडे स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच झाल्याने डच जहाजांना लिस्बनचा बाजार वरचेवर बंद केला जात होता. मधला अडत्या दार लावतो म्हटल्यावर डचांनी थेट मळाच गाठायचे ठरवले. ३१ डिसेंबर १६०० ला इंग्रजांच्या कंपनीला सनद मिळाली, मार्च १६०२ मध्ये डचांच्या.

या सगळ्याची खूण आज कोकणात कुठे दिसते?

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोरच्या कोर्लई गावात, आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली घरात बोलली जाते. तुम्ही पगार, चावी, पाव, बटाटा, घमेले, लिलाव म्हणता तेव्हा पोर्तुगिजांकडून आलेलेच शब्द वापरता.

आणि मिरची. मिरीच्या शोधात निघालेल्यांनीच अमेरिकेतली ही रोपे आपल्याकडे आणली. मिरीचा वेल मलबारसारखा पाऊस आणि सावली मागतो. मिरची देशावरच्या माळावरही येते आणि परसातल्या कुंडीतही. आपल्या लोकांनी तिला नाव दिले तेही मिरीवरूनच.